शरदातला भरतीचा हंगाम : जाहिरात निघण्यापूर्वी नोकरीशोधाची आखणी कशी करावी?

आखणीकार

सप्टेंबर उजाडला की नोकरी बदलू पाहणारी बरीच मंडळी जाहिराती चाळू लागतात, दिसेल त्या पदाला एकच रेझ्युमे जोडून अर्ज पाठवतात आणि ऑक्टोबर सरता सरता "एवढे अर्ज केले, पण कुणाकडून साधी पोचही नाही" या तक्रारीपाशी येऊन थांबतात. या मंडळींचे कष्ट कमी पडतात असे मला वाटत नाही. त्यांचे वेळापत्रक चुकते. जाहिरात ही भरतीची पहिली पायरी आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती निघते तेव्हा त्या पदाविषयीचे बरेच काही आतल्या आत ठरून गेलेले असते. त्या आधीच्या काळात उमेदवाराने काय करावे, यावर येथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

मुळात हा हंगाम शरदातच का येतो? उत्तर गोलार्धात जुलै आणि ऑगस्ट हे सुट्ट्यांचे महिने असतात. मुलाखत घेणारा एका आठवड्यात रजेवर असतो, मंजुरी देणारा वरिष्ठ दुसऱ्या, आणि असे लांबलेले निर्णय सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एकदम हलू लागतात. दुसरे कारण आर्थिक वर्षाचे आहे. ज्या संस्थांचे वर्ष डिसेंबरअखेर संपते, तेथे यंदासाठी मंजूर झालेले पद रिकामे राहिले तर पुढच्या वर्षी ते तसेच मिळेल याची विभागप्रमुखाला खात्री नसते, त्यामुळे तो घाईत असतो. नेमक्या याच महिन्यांत पुढील वर्षाच्या बजेटचे आणि मनुष्यबळाच्या मागणीचे कामही चालू असते. म्हणजे शरदात दोन प्रकारची पदे एकाच वेळी अस्तित्वात असतात : काही घाईने भरायची, तर काही अजून कागदावर आकार घेत असलेली आणि जानेवारीनंतर जाहीर होणारी. पहिल्या प्रकारासाठी उमेदवाराची तयारी आधीच झालेली असावी लागते आणि दुसऱ्यासाठी आधीची ओळख असावी लागते. नोकरीशोधाचे बहुतेक सल्ले पहिल्याच प्रकाराविषयी बोलतात, हे मला खटकते.

माझी आखणी उलट्या मोजणीवर उभी आहे. डिसेंबरचा दुसरा आठवडा हा निर्णय होऊ शकण्याचा शेवटचा आठवडा मानला आणि अर्जापासून ऑफरपर्यंत आठ ते दहा आठवडे लागतील असे धरले, तर अर्ज सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत गेलेला हवा. त्या विभागातील कुणाशी तरी आधी बोलणे व्हावे असे वाटत असेल, तर तो संवाद ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या आरंभी सुरू व्हायला हवा. त्यापूर्वी यादी. ही यादी मी पदांची करत नाही. संस्थांची आणि त्यातही विभागांची करतो, कारण पद आज आहे आणि उद्या नाही, परंतु एखाद्या विभागाचे काम माझ्या कामाशी जुळते की नाही हे सहसा वर्षभर बदलत नाही. प्रत्येक नावापुढे एकाच प्रश्नाचे उत्तर लिहितो : यंदा येथे काय बदलले? नवी सेवा सुरू झाली, नवे कार्यालय उघडले, दोन विभाग एक झाले, एखादा जाणता माणूस सोडून गेला. जेथे बदल आहे तेथे कामाचा ताण आहे, आणि जेथे ताण आहे तेथे पदाची मागणी लिहिली जाण्याची शक्यता आहे. ज्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही, ते नाव मी यादीतून काढून टाकतो.

शंकासुर

मांडणी सुबक आहे, परंतु तिच्या पायाविषयीच मला शंका आहे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी ब्युरोतर्फे रिक्त जागा आणि नेमणुका यांचे जे मासिक सर्वेक्षण प्रसिद्ध होते, त्याच्या बातम्या मी नियमित वाचतो. शरदात भरतीची लाट येते असे त्यांत कधी ठळकपणे दिसले नाही. हा हंगाम रिक्रूटर मंडळींनी रूढ केलेली समजूत तर नाही ना?

संख्यारेषा

शंकासुर, आपण म्हणता ते सर्वेक्षण 'जोल्ट्स' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते आणि त्याची आकडेवारी डिसेंबर २००० पासून उपलब्ध आहे. बातम्यांत येणारे त्याचे आकडे हे हंगामी चढउतार वजा केलेले असतात. हंगाम काढून टाकलेल्या आकड्यांत हंगाम शोधला तर तो सापडणार कसा? ब्युरो असमायोजित, म्हणजे हंगामी चढउतार न काढलेले, आकडेही प्रसिद्ध करतो, आणि आपल्या प्रश्नासाठी तेच पाहायला हवेत.

तरीही आखणीकार यांच्या बाजूने मी पूर्ण कौल देणार नाही. असमायोजित आकड्यांतही दुकाने, गोदामे आणि पार्सल पोहोचवणाऱ्या कंपन्या वर्षअखेरीच्या खरेदीसाठी जे तात्पुरते मनुष्यबळ घेतात, ते मिसळलेले असते. कार्यालयीन कायम पदांचा हंगाम त्या एकूण बेरजेतून वाचता येत नाही. शिवाय प्रत्येक क्षेत्राचे पंचांग वेगळे असते : शाळा शैक्षणिक वर्षानुसार भरती करतात, करसल्लागार विवरणपत्रांच्या मुदतींनुसार, आणि ज्या संस्थेचे आर्थिक वर्ष मार्च किंवा जूनमध्ये संपते तिची घाईही वेगळ्या महिन्यांत असते. दक्षिण गोलार्धात तर सप्टेंबरला वसंत असतो, त्यामुळे तेथे सुट्ट्यांचे गणितच उलटे होते.

म्हणून देशाचा आकडा पाहण्याऐवजी आपल्या यादीतील संस्थांचा इतिहास पाहावा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर अनेक संस्थांच्या भरतीविषयक पानांच्या जुन्या प्रती तारखेनिशी साठवलेल्या असतात. सगळ्यांच्या नसतात, परंतु ज्यांच्या असतात त्यांची मागील दोन वर्षांची ऑगस्ट ते डिसेंबर ही पाने चाळली, तर कोणता विभाग कोणत्या महिन्यात जागा काढतो हे तासाभरात समजते. एवढे श्रम फार थोडे उमेदवार घेतात.

शंकासुर

समायोजनाचा मुद्दा मान्य. वेबॅक मशीनचा उपयोग यासाठी करता येईल हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

निवडकर्ती

मी अनेक वर्षे उमेदवारांची निवड करणाऱ्या समित्यांवर काम करते आहे. पद कसे जन्माला येते, हे उमेदवारांना क्वचितच दिसते, म्हणून तेवढे सविस्तर लिहिते.

विभागप्रमुख प्रथम मागणीपत्र लिहितो. त्यात दोन प्रश्न हमखास असतात : हे काम सध्या कोण निभावत आहे, आणि पद भरले नाही तर काय अडेल? हा कागद वित्त विभागाकडे जातो, तेथून प्रश्न घेऊन परत येतो, पुन्हा जातो, आणि यात कधी पंधरवडा तर कधी दोन महिने निघून जातात. मंजुरी आली की मनुष्यबळ विभाग जाहिरातीचा मजकूर मागतो. अशा वेळी नव्याने मजकूर लिहिण्याइतका वेळ कुणाकडेच नसतो. मागच्या वेळची जाहिरात उघडली जाते, तारीख बदलली जाते, आणि मागणीपत्रातील अडचण सांगणाऱ्या एक-दोन ओळी मधेच कुठेतरी घुसवल्या जातात. उमेदवाराने जाहिरात वाचताना त्या नव्या ओळी शोधाव्यात. 'उत्तम संवादकौशल्य' आणि 'दडपणाखाली काम करण्याची तयारी' या गेल्या दहा जाहिरातींतून चालत आलेल्या ओळी असतात. परंतु 'दोन भिन्न प्रणालींतील ग्राहकनोंदी एकत्र करण्याचा अनुभव' असे कुठे लिहिलेले दिसले, तर ते पद नेमके त्याच दुखण्यासाठी मंजूर झाले आहे असे खुशाल समजावे. वेबॅक मशीनवर मागच्या वर्षीची तीच जाहिरात सापडली, तर दोन्ही शेजारी ठेवून फरक लगेच दिसेल.

मंजुरी आणि जाहिरात यांच्या मधल्या दिवसांत विभागप्रमुख आपल्या सहकाऱ्यांना हमखास विचारतो, "कुणी डोळ्यासमोर आहे का?" पुढाकार घेऊन केलेल्या नोकरीशोधाचे सारे फळ या एका प्रश्नाच्या वेळी मिळते किंवा मिळत नाही. त्या क्षणी कुणाला तरी आपले नाव आणि आपले काम आठवायला हवे. त्यासाठी आपण विभागप्रमुखालाच ओळखत असण्याची गरज नाही. त्याच्या चमूतील एखाद्या सदस्याला आपल्या कामाविषयी एक वाक्य ठामपणे सांगता आले तरी पुरते.

येथेच एक सावधगिरीचा शब्द. सत्तर-ऐंशी टक्के नोकऱ्या कधी जाहीरच होत नाहीत, असे वाक्य करिअर-मार्गदर्शनाच्या भाषणांत सर्रास ऐकू येते. या आकड्यावर कृपया कुणी नियोजन बांधू नये. अनेक संस्थांना, विशेषतः सरकारी आणि विद्यापीठीय संस्थांना, पद जाहीर करणे नियमानेच बंधनकारक असते, आणि अंतर्गत उमेदवार ठरलेला असला तरी ती जाहिरात निघते. जाहिराती वाचणे सोडू नये. जाहिरातीपासून सुरुवात करू नये, एवढेच.

उंबरठा

मी नुकताच पदवीधर झालो आहे. वरील सल्ल्यानुसार एका संस्थेतील चमूप्रमुख महिलेला संदेश लिहिला आहे, परंतु तो पाठवण्याचे धाडस होत नाही. मसुदा येथे देतो, निःसंकोचपणे दुरुस्त करावा.

"आदरणीय महोदया, मी संगणकशास्त्राचा पदवीधर असून आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. मी मेहनती, प्रामाणिक आणि लवकर शिकणारा आहे. सोबत रेझ्युमे जोडला आहे. माझ्या योग्यतेची एखादी जागा आपल्याकडे असल्यास कृपया कळवावे, ही नम्र विनंती."

निवडकर्ती

उंबरठा, मसुदा दिलात हे फार चांगले केले, कारण नव्वद टक्के संदेश मला याच साच्यातले येतात. भाषा नम्र आहे, परंतु सगळे काम वाचणाऱ्या व्यक्तीवर टाकलेले आहे. तिने रेझ्युमे उघडावा, आपली योग्यता ठरवावी, मग तिच्या संस्थेतील जागा आठवाव्यात आणि त्या जुळवून आपल्याला कळवावे, अशी ही विनंती आहे. 'नामांकित' हे विशेषण कोणत्याही संस्थेला लागू पडते, त्यामुळे हा संदेश एकाच वेळी शंभर जणांना गेला असावा असे तिला वाटणारच. मेहनती आणि प्रामाणिक ही विशेषणे स्वतःविषयी सांगून पटत नाहीत.

त्या चमूचे काम आपण वाचले आहे असे मी धरून चालते. ते ऑफलाइन नकाशांचे काम करतात असे समजून एक नमुना लिहिते. तपशील आपले घालावेत.

"नमस्कार. आपल्या चमूने नकाशासेवेत नेटवर्कशिवाय वापराची जी सोय आणली, तिच्याविषयीचा आपला तांत्रिक लेख वाचला. पदवीच्या प्रकल्पात मी नेटवर्क नसताना नोंदी साठवून नंतर त्या जुळवण्याचे काम केले. दोन उपकरणांवर एकाच नोंदीत बदल झाला तर कोणता राखायचा, हा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला. आपण शेवटचा बदल ग्राह्य धरल्याचे लिहिले आहे. त्यात वापरकर्त्यांच्या नोंदी हरवण्याच्या तक्रारी आल्या का, हे समजून घ्यायला आवडेल. येत्या दोन आठवड्यांत पंधरा मिनिटे बोलता आले तर आभारी राहीन. मी सध्या याच प्रकारच्या कामाच्या शोधात असून लगेच रुजू होऊ शकतो."

आता फरक पाहा. पहिल्या वाक्यात तिचे काम आहे, दुसऱ्यात आपले, आणि दोन्हींना जोडणारा एक खरा प्रश्न आहे, जो फक्त ते काम केलेल्या माणसालाच पडू शकतो. आपण हुशार आहोत असे कोठेही म्हटलेले नाही, तरी ते कळते. नोकरी हवी आहे हे लपवलेलेही नाही. केवळ कुतूहलापोटी बोलायचे आहे असा आव आणून दहाव्या मिनिटाला रेझ्युमे पुढे करणारे लोक फार लवकर ओळखू येतात. रेझ्युमे मुद्दामच जोडलेला नाही. तिने मागितला तर ती स्वतःहून उघडेल.

उंबरठा

मनापासून आभार. प्रश्न तंतोतंत माझ्या प्रकल्पाला लागू पडत नाही, पण साचा कळला. उत्तर आलेच नाही तर पुन्हा लिहावे का? की ते हात धुऊन मागे लागल्यासारखे दिसेल?

निवडकर्ती

आठ-दहा दिवसांनी एकदा जरूर लिहावे, आणि त्यात काहीतरी नवे असावे : आपण त्या दरम्यान केलेला छोटा प्रयोग, वाचलेली एखादी संबंधित गोष्ट. "माझा आधीचा संदेश पाहिलात का?" एवढेच लिहिणे टाळावे. त्यानंतरही शांतता असेल तर त्याच चमूतील दुसऱ्या व्यक्तीकडे वळावे. सप्टेंबरात लोक खरोखरच कामात बुडालेले असतात, त्यामुळे उत्तर न येण्याचा अर्थ नकार असा लावू नये.

आखणीकार

कुणाला लिहावे, याविषयी थोडे. आपण सहसा दोनच प्रकारच्या लोकांचा विचार करतो : जवळचे मित्र किंवा अगदी अनोळखी वरिष्ठ. या दोन्हींच्या मधली मंडळी सर्वाधिक उपयोगी पडतात, असे संशोधन सांगते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले होते की, ज्यांच्यामुळे नोकरी कळली त्या व्यक्तीला आपण त्या काळात किती वेळा भेटत होता. वारंवार भेटत होतो असे सांगणारे १६.७ टक्के होते, अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के आणि क्वचित म्हणणारे २७.८ टक्के. नमुना केवळ ५४ जणांचा होता, हे सांगायलाच हवे. कारण मात्र पटण्यासारखे आहे : जवळच्या मित्रांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते, आणि नवी बातमी दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून येते.

संख्यारेषा

नमुन्याची उणीव पुढे भरून निघाली आहे. लिंक्डइनवर 'तुमच्या ओळखीचे असू शकतील' अशी जी नावे सुचवली जातात, त्या सूचनांत फेरफार करून पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात २ कोटींहून अधिक लोकांचा समावेश होता. नोकरी बदलण्यास सर्वाधिक मदत मध्यम दुबळ्या, म्हणजे फार जवळच्याही नाहीत आणि अगदी नाममात्रही नाहीत अशा, ओळखींची झाली. अगदीच नाममात्र ओळखींची उपयुक्तता पुन्हा घसरली. जेथे काम अधिक डिजिटल स्वरूपाचे आहे तेथे दुबळ्या ओळखी अधिक कामी आल्या, तर कमी डिजिटल क्षेत्रांत घट्ट ओळखी. तेव्हा जुने सहकारी, एखाद्या प्रशिक्षणात सोबत असलेले लोक, मागच्या संस्थेतील शेजारच्या विभागाचे लोक यांची यादी आधी करावी. अनोळखी लोकांशी नुसते जोडले जाऊन संख्या फुगवण्यात अर्थ नाही.

शंकासुर

हे सगळे शास्त्रीय भाषेत सांगितले तरी याला साध्या भाषेत वशिला म्हणतात. ज्याच्या ओळखी नाहीत, ज्याच्या घराण्यात कुणी कार्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याने काय करावे? रेफरल, म्हणजे संस्थेतल्या माणसाने आपले नाव पुढे करावे अशी मदत, मागताना मला तर अपराधी वाटते.

निवडकर्ती

आपला आक्षेप मी हलक्याने घेत नाही. रेफरलवर चालणारी भरती आहे त्याच प्रकारची माणसे पुन्हा आत आणते, हा तिचा खरा दोष आहे, आणि जबाबदार संस्था म्हणूनच प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देतात. २०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींच्या जुन्या अभ्यासांचा पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा पुढील कामगिरीचा अंदाज बांधण्यात अशा आखीव मुलाखती सर्वांत वर आल्या. अशा ठिकाणी रेफरलमुळे आपला अर्ज कुणीतरी नीट वाचतो, गुण मात्र आपल्यालाच मिळवावे लागतात. वशिल्यात वाचन आणि गुण दोन्ही दुसऱ्याच्या हाती असतात.

ज्याच्या ओळखी नाहीत त्याच्यासाठीच तर वरचा संदेश आहे. त्यात कुणाचेही नाव वापरलेले नाही, केवळ काम वापरले आहे. मागतानाही "मला रेफर करा" असे थेट म्हणू नये. "माझे काम पाहिल्यावर ते या पदाला साजेसे वाटले तरच माझे नाव पुढे करावे, न वाटल्यास मोकळेपणाने सांगावे" असे लिहिले की समोरच्या व्यक्तीला नाही म्हणण्याची वाट मोकळी राहते, आणि आपल्यालाही अपराधी वाटण्याचे कारण उरत नाही.

प्रबंधलेखिका

मोजक्या ठिकाणी लक्ष केंद्रित करण्याविषयी माझ्या क्षेत्रातील एक व्यवस्था येथे सांगण्यासारखी आहे. अर्थशास्त्रातील नव्या पीएचडीधारकांची भरती उत्तर अमेरिकेत शरदातच सुरू होते. उमेदवार खंडीभर अर्ज करतात, त्यामुळे कुणाला खरोखर यायचे आहे हे विभागांना कळत नाही. यावर अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २००६ पासून एक सोय केली : प्रत्येक उमेदवार जास्तीत जास्त दोन विभागांना 'मला आपल्याकडे विशेष रस आहे' असा संकेत पाठवू शकतो. दोनच, म्हणून त्या संकेताला मोल आहे. शंभर पाठवता आले असते तर तो कुणी पाहिलाही नसता.

इतर क्षेत्रांत अशी मर्यादा कुणी घालून देत नाही, म्हणून ती स्वतःवर घालून घ्यावी लागते. संस्थेचे नाव बदलून टाकले तरी जसेच्या तसे चालेल असे कव्हर लेटर एकही संकेत देत नाही. आखणीकार यांच्या यादीतील पाच-सहा विभागांसाठीच असे लिखाण करावे की ते दुसरीकडे पाठवताच येऊ नये, आणि बाकीच्या ठिकाणी साधा, नेटका अर्ज करून मोकळे व्हावे.

उंबरठा यांच्यासाठी आणखी एक. नव्या पदवीधरांचे पंचांग अनुभवी लोकांपेक्षा फार आधी चालते. ब्रिटनमधील मोठ्या संस्थांच्या पदवीधर योजनांचे अर्ज बहुधा सप्टेंबरच्या सुमारास उघडतात आणि रुजू होणे पुढच्या वर्षीच्या शरदात असते. काही संस्था तर मुदत संपण्याची वाट न पाहता अर्ज येतील तसे पाहत जागा भरतात. चीनमध्ये शिक्षण संपण्याच्या आधीच्या शरदात भरती होते आणि तेथे 'सोनेरी सप्टेंबर, चंदेरी ऑक्टोबर' असा शब्दप्रयोगच आहे. जपानमध्ये पुढील एप्रिलला रुजू होणाऱ्या विद्यार्थ्यांना औपचारिक नेमणूकपूर्व पत्रे १ ऑक्टोबरला देण्याची रीत आहे. म्हणजे तेथे शरदात निकाल लागतो, परीक्षा आधीच झालेली असते. आपल्याला ज्या देशात अर्ज करायचा आहे तेथील हे वेळापत्रक पाहिल्याशिवाय यादी करू नये.

परतीची_वाट

मी सध्या नोकरीत आहे आणि माझा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे. वरील सगळे पटते, परंतु हे सारे गुपचूप कसे करावे? आणि तीन महिने ऐकून घाईतला विभागप्रमुख माझा विचार तरी करेल का?

आखणीकार

गुप्ततेविषयी आधी. लिंक्डइनवर नोकरीच्या शोधात असल्याची खूण केवळ रिक्रूटर मंडळींनाच दिसावी अशी निवड करता येते आणि आपल्या सध्याच्या संस्थेच्या रिक्रूटरपासून ती लपवण्याचा प्रयत्न ते संकेतस्थळ करते. परंतु संपूर्ण गुप्ततेची हमी ते स्वतःच देत नाही. म्हणून ही खूण न करता व्यक्तिशः संवादावर भर देणे आपल्यासाठी बरे. कार्यालयाचा ईमेल, कार्यालयाचा लॅपटॉप आणि कार्यालयाचे नेटवर्क या कामासाठी वापरू नये. संदर्भ म्हणून सध्याच्या वरिष्ठांचे नाव ऑफर हाती येईपर्यंत देऊ नये. तसे सांगितले तर बहुतेक ठिकाणी समजून घेतात.

नोटीस पिरियडचे म्हणाल, तर मी सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पदांसाठी आपण अधिक योग्य आहात. ज्यांना डिसेंबरपूर्वी माणूस खुर्चीत हवा आहे त्यांच्या मागे आपली शक्ती खर्च करू नये. पुढच्या वर्षीच्या मागण्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लिहिल्या जातात, त्या पदांवर मार्च-एप्रिलमध्ये रुजू होणे कुणालाच उशिराचे वाटत नाही. पहिल्याच संवादात मुदत स्पष्ट सांगावी. चौथ्या फेरीनंतर ती उघड झाली तर समोरच्या पक्षाला फसवल्यासारखे वाटते, आणि ते योग्यच आहे.

पानगळ

धाग्यातील सल्ले उत्तम आहेत, पण ते अमलात कसे टिकतात हा माझा प्रश्न आहे. दोन आठवडे उत्साहाने यादी होते, संदेश जातात, मग दोन नकार येतात आणि सगळे भिजत घोंगडे पडते.

संख्यारेषा

नोकरीशोधाच्या प्रशिक्षणांवरील ४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा लिउ, हुआंग आणि वांग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. अशा प्रशिक्षणात भाग घेतलेल्यांना नोकरी मिळण्याचे गुणोत्तर इतरांच्या २.६७ पट निघाले. ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, केवळ कौशल्ये शिकवणारी किंवा केवळ उमेद वाढवणारी प्रशिक्षणे तितकी प्रभावी ठरली नाहीत. दोन्ही एकत्र असतील तेव्हाच परिणाम ठळक होता. रेझ्युमेचे वर्ग लावून सुटका होत नाही, आणि प्रेरणादायी भाषणांनीही होत नाही.

आखणीकार

पानगळ, माझा उपाय अगदी रुक्ष आहे. एक शीट, तीत विभाग, व्यक्ती, शेवटचा संवाद, पुढचे पाऊल आणि त्या पावलाची तारीख एवढेच रकाने. 'स्थिती' असा रकाना मी ठेवत नाही, कारण तेथे 'उत्तराची प्रतीक्षा' असे लिहून माणूस महिनाभर स्वस्थ बसतो. प्रत्येक ओळीत पुढची तारीख असलीच पाहिजे, नाहीतर ती ओळ बंद झालेल्यांच्या पानावर जाते.

दुसरे, नकारासाठी आधीच वाक्य ठरवून ठेवावे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली 'जर-तर' स्वरूपाच्या निश्चयाची कल्पना येथे फार उपयोगी पडते : "जर नकार आला, तर त्याच संध्याकाळी आभाराच्या दोन ओळी लिहून यादीतील पुढच्या विभागाची माहिती काढायला घेईन." आभाराच्या त्या दोन ओळी शिष्टाचारापुरत्या नसतात. ऑक्टोबरात दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला उमेदवार जानेवारीत नवे पद मंजूर झाले की सर्वांत आधी आठवतो.

आणि लक्ष्य नेहमी आपल्या हातातील गोष्टीचे असावे. आठवड्याला अमुक मुलाखती हे लक्ष्य आपल्या हातात नसते; आठवड्याला तीन नीट लिहिलेले संदेश आणि एक संभाषण हे असते.

निवडकर्ती

निवडसमितीच्या अनुभवातून दुजोरा देते. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांची नावे आम्ही खरोखर जपून ठेवतो, आणि नकारानंतर सभ्यपणे लिहिणारे फार थोडे असल्याने ते लक्षातही राहतात.

उंबरठा

शेवटची शंका. समजा नोव्हेंबरात एका ठिकाणाहून ऑफर आली, त्यांनी पाच दिवसांत उत्तर मागितले, आणि जेथे खरोखर जायचे आहे तेथील अंतिम फेरी अजून दहा दिवसांनी आहे. अशा वेळी काय करावे?

निवडकर्ती

दोन्हीकडे त्याच दिवशी लिहावे. ऑफर देणाऱ्या संस्थेला आभार मानून, निर्णयासाठी अमुक तारखेपर्यंत मुदत मिळेल का असे विचारावे. तारीख नेमकी द्यावी, 'थोडा वेळ' असे म्हणू नये. ऑफर लेखी नसेल तर आधी लेखी मागावी, त्यात दोन-तीन दिवस तसेही जातात. ज्या संस्थेत जायचे आहे तिला सरळ सांगावे की हाती एक ऑफर आहे, उत्तराची तारीख अमुक आहे, माझी पहिली पसंती आपल्याकडेच आहे, तर अंतिम फेरी त्यापूर्वी घेणे शक्य होईल का? नोव्हेंबरात हे ऐकून कुणी रागावत नाही, कारण वर्षअखेरीपूर्वी पद भरण्याची घाई त्यांनाही असते आणि आपल्या पत्रामुळे विभागप्रमुखाला वरिष्ठांकडून मुलाखतीची वेळ मिळवणे सोपे जाते. मात्र हाती ऑफर नसताना ती असल्याचे भासवण्याचा मोह झाला तर तो आवरावा. पत्र दाखवा असे म्हणणारे लोक आहेत. दोन्हीकडून नकारार्थी उत्तर आले तर चौथ्या दिवशी रात्री निर्णय घ्यावा, पाचव्या दिवशी सकाळी कळवावा, आणि होकार दिला असेल तर दुसऱ्या संस्थेला लगेच पत्र लिहून अंतिम फेरीतून नाव मागे घ्यावे.